टीव्हीकडं पाठ करून बसणाऱ्या बाया

त्या दिवशी घरात आम्ही चौघी व्हतो. एक मी. दुसरी माझी थोरली जाऊ, तिला ऐकू कमी येतं, म्हणून ती सगळ्यांच्या वरताण मोठ्यानं बोलती. तिसरी आमच्या गल्लीतली भाभी, तिची दोन्ही डोळ्यांची नजर साखरंनं गेली. आन् चौथी माझी सून, हातात मोबाईल घेतलेली. पाचवं कुणी नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण मागून लय लोकांनी मला समजावून सांगितलं का तिथं काय झालं, आन् त्यातला एकबी तिथं नव्हता.

नावं मी घेत नाय. नावावरूनच ह्यो तमाशा एवढा वाढला.

मी दुसरीत शाळा सोडली. सही करते, सिटी बसची पाटी वाचते, त्याच्या पुढं नाय. म्हणून हे मी बोलते आन् सून लिहिती. तिला एकच अट घातली, मी बोलले त्यातलं काही कापायचं नाय. म्हणली, "आई, लांबंल." म्हणलं, लांबू दे. कापून काय झालं ते बघितलं ना?

आमच्या गल्लीत बाया हार ओवायचं काम करत्यात. दुपारी फुलबाजारातून झेंडू येतो, शेवंती येती, पोत्यानं. संध्याकाळी बाया ओवायला बसत्यात आन् सकाळी हार पंचवटीत जात्यात, घाटावर. ओवायची येळ आन् सिरियलची येळ एकच. आमच्या खोलीत टीव्ही एका भिंतीला हाय आन् ट्यूब समोरच्या भिंतीला. टीव्हीकडं तोंड करून बसलं का आपलीच सावली हातावर पडती, सुई फुलात जायच्या ऐवजी बोटात जाती. मग सगळ्या ट्यूबकडं तोंड करून बसत्यात आन् टीव्हीकडं पाठ. सिरियल बघायची कुणी? तर एकीनं. तिला आम्ही बघणारी म्हणतो. ती भिंतीला टेकून टीव्हीकडं तोंड करून बसती आन् काय चाललंय ते सांगती. तिच्या वाटणीचे हार बाकीच्या ओवत्यात. माझी सासू व्हती तवा रेडिओ व्हता, तवा ह्याची गरज नव्हती. टीव्ही आला तवापासून बघणारी हाय.

आधी मी ओवणारी व्हते. मालक गेले तवा पोरगा अंगावर पीत व्हता. मग द्राक्षाच्या बागा केल्या. घड औषधाच्या पाण्यात बुडवायचे, एक एक घड, हात दिवसभर त्या पाण्यात. बागा नसल्या का बांधकामावर घमेली. त्याचं मला काय वाटत नाय, सगळ्याच करत व्हत्या. पण बोटं वाकडी झाली. सुई धरली का निसटायची. मी खाली शोधायची, परत निसटायची. एक दिवस जाऊ म्हणली, "ठेव ती सुई. तू बघणारी व्हय."

मला लय लागलं ते. दुसऱ्यांनी ओवलेल्या हारावर बसून खायचं म्हणजे काय. पण बसले. आन् बसल्यावर कळलं का हे सोपं काम नाय.

एक तर आजकालच्या सिरियलमंदी कुणी काही बोलतच नाय. नुसते बघत्यात. एक बाई दारात येती, लगीच वाजायला लागतं, धाड धाड धाड. मग तिचं तोंड. मग तिच्या सासूचं तोंड. मग दिराचं. मग परत सासूचं, आता जवळून. जाऊला ऐकू येत नाय, तिला बोललेलं सांगावं लागतं. भाभीला दिसत नाय, तिला तोंडं सांगावी लागत्यात. दोघी माझ्या दोन बाजूला, मधी मी.

"आक्का, बाजा बजा," भाभी म्हणायची. हात चालूच, फूल चाचपून बरोबर देठात सुई. "किसका मुंह दिखाया?"

"सासूचं."

"फिर बजा."

"परत सासूचंच."

"और अब?"

"आता तिच्या भावाचं."

"वो क्या करता?"

"तोबी बघतोय."

"या अल्ला! सब देखतेच बैठेंगे तो बोलेगा कौन?"

आन् जाऊ ह्या बाजूनं वरडायची, "काय म्हणला भाऊ? काय म्हणला?" अगं, काहीच नाय म्हणला! मेल्याला तोंड दिलंय का नाय देवानं!

आर्धा तास असा जायचा. त्यातला निम्मा येळ जाहिराती. उरलेल्यात कालचंच परत दाखवायचे. मला राग यायचा, खोटं कशाला सांगू. आम्ही दिवसभर मरमर करून त्या आर्ध्या तासाची वाट बघायची आन् ह्यांनी आम्हाला एक बाई जिना उतरताना दाखवायची. तीबी उतरून खाली पोचायची नाय, भाग संपायचा.

सांगायची माझी एक पद्धत व्हती. माझी म्हणजे आमच्याकडं सगळ्याच बघणाऱ्यांची. "सासू असं म्हणली, सून तसं म्हणली" असं सांगत बसलं तर पुढचं निघून जातं. मग सासू बोलली का आपणच सासू व्हायचं. सून बोलली का आपणच सून. आवाज बदलायचा, बास. ओवणाऱ्या बायांना बरोबर कळतं कोण बोलतंय. जाऊसाठी मला ते वरडून करावं लागायचं, म्हणून गल्लीतल्या लोकांना वाटायचं आमच्यात रोज भांडणं व्हत्यात.

सकाळी नळावर बाया इचारायच्या, काल काय झालं? मी सांगायची. आन् बघण्यासारखं नसलं तर तेबी सांगायची. काल काय नव्हतं बया, तू जेवून झोपलीस तेच चांगलं केलंस. ती डॉक्टर झालेली पोरगी रडती लय, तिला अजून कुणी दवाखान्यात पाहिली नाय. त्या नव्या सिरियलीतली घरं बघ, सैपाकघरात धुराचा डागसुद्धा नाय, तिथं कुणी भाकरी टाकत नाय, म्हणून ते दिवसभर भांडायला मोकळे. बाया हसायच्या. मी हसवायला नव्हते सांगत. मला खरंच राग यायचा.

सून अंबडला कंपनीत पॅकिंगला जायची. कंपनीनं माणसं कमी केली, ती घरी बसली. घरी बसल्यावर तिनं माझं सांगणं मोबाईलमंदी धरलं आन् टाकलं. तिचा हेतू वाईट नव्हता, हे मी तिच्या तोंडावर सांगते, लिहून घे गं. तिला वाटलं सासूला चार लोक वळखतील आन् आपल्यालाबी हाताला काही काम व्हईल. लोकांनी बघितलं. लय बघितलं म्हणे. कुठल्या कुठल्या बाया लिहायच्या का आजी तुम्ही सांगता तेवढंच आम्ही बघतो, सिरियल बघत नाय.

मग कापाकापी चालू झाली.

"आई, एका मिनिटात बसलं पाहिजे."

"मग सिरियलवाल्यांना सांग ना. ते आर्धा तास घेत्यात आन् काहीच सांगत नाय, त्यांना कुणी कापत नाय."

"त्यांचं वेगळं."

"काय वेगळं?"

भाभीचं मधी मधी इचारणं ती काढून टाकायची, म्हणायची त्यानं मधी खंड पडतो. सिरियलचा आवाजबी काढून टाकायची. तो ठेवला तर ती सिरियलवाली मंडळी व्हिडिओच काढून टाकत्यात, असा काही नियम हाय म्हणे. मग मागं गाणं लावायची, टुणटुण टुणटुण. मला ते आवडत नव्हतं. पण तिच्या हाताला काम व्हतं, मी गप बसले.

एकदा म्हणली, "आई, आता कॉमेडीचं सांगा. लोकांची मागणी हाय." मोबाईल माझ्या पुढं उभा केला. एक पोरगा, माईक घेतलेला, एकटाच उभा. ना सेट ना सासू. एक तासभर बोलला. मधीच पाणी पिला तरी लोक हसले. मला वाटलं का ह्याच्या आईची गोष्ट चांगली व्हती, ती कशी दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालती, कशी फोनवर वरडून बोलती. भाभी ऐकत व्हती. तीबी एकदोनदा हसली.

"कसा वाटला, आई? दहापैकी किती?"

"पोरगा चांगला बोलतो. पण त्यानं आईला इचारलं व्हतं का?"

"काय इचारायचं?"

"तुझं असं असं सांगू का लोकांत म्हणून."

"कॉमेडीत नसतं इचारायचं, आई."

"मग दहापैकी तूच दे."

भाभी म्हणली, "उसकी अम्मा सामने बैठी थी क्या?" सून म्हणली, माहीत नाय. भाभी म्हणली, "बैठी होगी तो ठीक है. घर जाके चप्पल मारी होगी." ते मातर सुनंनं कापलं नाय. ते लय चाललं म्हणे.

आता त्या दिवसाचं सांगते.

सिरियलीत सासू सुनंला घराबाहेर काढती, तो भाग व्हता. किती दिवस झाले काढणार काढणार चाललं व्हतं. भाभीला त्या सुनंची लय माया. तिची सोताची पोरगी भिवंडीला दिलेली, तिचं सासरचं काही धड नाय, म्हणून त्या सुनंवर तिचा जीव. जाऊ त्या दिवशी माझ्या उजव्या हाताला दाराकडं सरकून बसली व्हती, पोत्याजवळ. भाभी डावीकडं, माझ्या गुडघ्याला गुडघा लागून. माझ्या सुनंनं मोबाईल समोर धरला, त्यात मी आन् भाभी दिसत व्हतो. जाऊ दिसत नव्हती.

सासू एकदाची बोलली. मी जाऊसाठी वरडले. आन् जाऊला वरडून सांगायचं तर मान दोन्हीकडं फिरवावी लागती, कारण टीव्हीबी बघायचाय आन् भाभीलाबी सांगायचंय. मी वरडले, "ऊठ! चालती हो! तुझ्यासारखीला माझ्या घरात जागा नाय! माझ्या देवघरावर तुझी सावली पडायला नको!" सगळं सासूचं. शब्दाला शब्द.

भाभीच्या डोळ्यात पाणी आलं. तिनं ओढणीनं पुसलं. मग नाक ओढून म्हणली, "नालायक है बुढ्ढी. इसको कब सजा मिलेगी?" जाऊ वरडली, "कुणाला सजा? कुणाला?" आन् आम्ही तिघी हसलो. सूनबी हसली, मोबाईल हलला तिच्यानं.

सुनंनं वरडण्यापासून डोळे पुसण्यापर्यंतचा तुकडा घेतला. तिला वाटलं, आई काय भारी करत्यात, आन् भाभीला कसं खरंच रडू येतं. सिरियलचा आवाज काढला. गाणं लावलं. टाकला.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात तूरडाळ आणायला गेले. एक माणूस उभा व्हता, वळखीचा नाय, चांगले कपडे घातलेला. हात जोडून म्हणला, "आजी, बरं केलंत."

मला वाटलं सिरियलचं म्हणतोय. म्हणलं, "मी कुठं काय केलं, त्यांनीच काढली तिला."

"त्या बाईला हाकललं ना घरातून. असंच पाहिजे. आपल्या घरात कशाला पाहिजेत असली लोकं."

मी डाळीची पिशवी हातात घेऊन उभी राहिले. पहिल्यांदा मला समजलंच नाय. समजलं तवा तो गेला व्हता. मला त्याच्या मागं पळायचं व्हतं, पण माझ्याच्यानं पळणं व्हत नाय. दुकानदार मान खाली घालून वजन करीत व्हता, त्याचंबी वजन झालेलं व्हतं आधीच.

घरी आले. सुनंचं तोंड पांढरं फटक. म्हणली, आई, लोक काय काय लिहायला लागलेत. निम्मे मला शिव्या देत व्हते का म्हातारीला लाज नाय, आंधळ्या बाईला रडवती. निम्मे शाबासकी देत व्हते. शिव्या देणाऱ्यांचं मला एवढं लागलं नाय. त्यांना आपलं वाटलं का एका आंधळ्या बाईवर अन्याय झाला. शाबासकी देणाऱ्यांचं लागलं. त्यांना मी त्यांच्यातली वाटले.

सुनंनं लगीच तो तुकडा काढला. पण तोपर्यंत दुसऱ्यांनी घेतला व्हता, त्यावर लाल अक्षरात आमची दोघींची नावं टाकली व्हती, आन् तो आपला आपला फिरत व्हता. मग तिनं मला परत बसवलं. "आई, सगळं सांगा, पहिल्यापासून." मी सांगितलं. बघणारी म्हंजे काय, ट्यूब कुठं, टीव्ही कुठं, जाऊ कुठं बसली व्हती, सासूचं बोलणं आपण कसं बोलतो. न कापता टाकलं. आठ दिवसांनी इचारलं, किती जणांनी बघितलं? सून म्हणली, "आई, लांब झालं ना ते." गल्लीतल्या बाया आन् आमचे पाव्हणे, एवढ्यांनीच. त्यांना तर आधीच माहीत व्हतं!

मी डाळ घेऊन आले त्या संध्याकाळी भाभी आली नाय. दुसऱ्या दिवशीबी नाय, त्याच्या पुढंबी नाय. तिची बसायची पोत्याची घडी तशीच. जाऊ म्हणली, "मी जाऊन बघते." म्हणलं, तू गप बस, तू गेली तर सगळ्या गल्लीला ऐकू जाईल. मीच गेले.

भाभीच्या पोराचं द्वारका चौकात गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान हाय. माझ्या डोळ्यापुढं लहानाचा मोठा झाला. दुपारचा जेवायला घरी आला व्हता, मला बघून उठला, खुर्ची पुसून दिली. "बसा काकू."

"आईला का पाठवत नाय रं?"

"काकू, अम्मीनं मला सगळं सांगितलंय. मला काय माहीत नाय का तुम्ही कशा आहात ते."

"मग?"

"दुकानात येतो तो मोबाईल काढतो. म्हणतो, ही तुझी आईच ना? परत तिथं जाती का? तुला काही वाटत नाय का? रोज काय सांगू मी लोकांना? सिरियल सांगू?" त्याचा आवाज चढला, मग त्यानंच खाली आणला. "मी भांडलो एकाशी. परवा हातावर आलं व्हतं. मला दुकान चालवायचंय, काकू."

तो खोटं बोलत नव्हता.

तवढ्यात आतून भाभी म्हणली, "आक्का आई क्या? आक्का, वो बहू का क्या हुआ? निकाली क्या सच में?"

"काढली."

"फिर किधर गई?"

"बसस्टॉपवर बसलीय."

"अब्बी तक?"

"अजून तिथंच हाय. बस येती, ती चढत नाय. नुसती बघती."

"बाजा बजता क्या?"

"लय बजता."

पोरगाबी हसला जरा. पण दारात कुणीतरी थांबलं व्हतं, आन् त्याच्या हातात मोबाईल आडवा धरलेला व्हता, आमच्याकडं. पोरगा झटक्यात उठला आन् दार लावून घेतलं. भर दुपारी दार लावून बसलो आम्ही, चोरासारखे. माझ्या आयुष्यात मी त्या घरात दार लावून बसले नव्हते.

निघताना तो म्हणला, "काकू, हे मोबाईलवर यायचं थांबू द्या. थांबलं का मी सोता अम्मीला गाडीवर आणून सोडतो. तोवर तुम्हीबी येऊ नका. तुमच्यासाठीच सांगतो." पाया पडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार.

मी गेले नाय मग. गेले तर परत कुणीतरी मोबाईल धरील, आन् मी हसले तरी त्याचं काहीतरी निघंल, रडले तरी निघंल. भाभीला घरात सिरियल लावून देत्यात. पण तिची सून सैपाकात आसती, नातवंडं आपल्या मोबाईलमंदी. बाजा वाजला का ती इचारती म्हणे, किसका मुंह दिखाया? कुणी सांगतं, कुणी सांगत नाय. तिची सून मला नळावर म्हणली, "काकू, अम्मी बोली, आक्का जैसा कोई नहीं बताता. हम बोलते सास का मुंह, तो अम्मी पूछती, कैसा मुंह? अब कैसा मुंह ये हमको क्या मालूम." मी घागर उचलली आन् आले.

सुनंवर मी रागावले. बोलले नाय तिच्याशी बरेच दिवस. ताट वाढायची, मी जेवायची, उठायची. मग एक दिवस ती ओवता ओवता रडायला लागली, म्हणलं, रडून सुई बोटात जाईल, बघ खाली. तेवढंच. ती आता एका शाळेत डबे भरायला जाती. व्हिडिओ टाकत नाय. लोक इचारत्यात, आजी का येत नाय? त्यातल्या कुणाला मी उत्तर देऊ?

संध्याकाळी मी अजून बघणारीच हाय. जाऊला वरडून शब्द सांगते. सवयीनं तोंडंबी सांगून जाते, सासूचं, मग दिराचं, मग परत सासूचं, आन् जाऊ म्हणती, "ते मला दिसतंय की मान वळवली का, बोललं काय ते सांग." मग मी नुसतं बोललेलं सांगते. त्या सिरियलवाल्यांनी सुनंला अजून घरात घेतली नाय. भाभीला घ्यायला मला कुठल्या सिरियलवाल्याची गरज नव्हती, माझं दार उघडंच व्हतं, सगळ्या गल्लीला माहीत हाय. पण बंद आता दुसऱ्याच लोकांनी केलंय, ज्यांनी आमचं दार कधी बघितलं नाय, आन् त्यांना जाऊन इचारायचं तर कुठं जाऊ? पत्ता नाय, तोंड नाय.

म्हणून हे लिहून घेतलं. तुम्हाला एकच सांगणं हाय. एक म्हातारी वरडती आन् शेजारची आंधळी बाई डोळे पुसती, असा तुकडा तुमच्या मोबाईलमंदी आला आसंल तर तो पुसून टाका. पुढं पाठवू नका. माझ्या बाजूनं बोलायचं म्हणूनसुद्धा पाठवू नका, कुणाला खरं समजावायचं म्हणूनसुद्धा नको. नुसता पुसून टाका. तो फिरायचा थांबला का ती घरी येईल.